एका ताटातली भाकरी

माझं माहेर आणि सासर एकाच गावात, कुरुळीत, बांधाला बांध लागून. ह्यात सुख असतं म्हणणाऱ्या बायांना माझा कोपरापासून नमस्कार! त्याच बांधावरची बाभूळ आमचे मालक नांगरासाठी तोडायला गेले. ती आमची म्हणत माझा धाकटा भाऊ धावत आला, त्यांच्या हातातली कुऱ्हाड हिसकली आणि त्यांच्याच उजव्या खांद्यात घातली. मी न्याहारी घेऊन पोचतच होते. सगळं डोळ्यांनी पाहिलं. मालकांचा जीव वाचला, पण हात कायमचा लुळा पडला.

भाऊ जामिनावर सुटून आल्यावर गावानं मिटवायचं ठरवलं. देवळापुढं पाच जाणती माणसं बसली. भावानं मालकांचे पाय धरले, चुकलो म्हणाला, ढसाढसा रडला. मग रीतीप्रमाणं मी एकच ताट वाढलं आणि दोघांनी त्यातली एक भाकरी मोडून खाल्ली. मालकांनी डाव्या हातानं खाल्ली. वैर संपलं. आम्हाला वाटलं, खटलाही संपला! भावाच्या वकिलाला ह्यातलं कुणी काही सांगितलंच नाही.

पुण्याच्या कोर्टात खेटे घालून घालून मी पार विटून गेले होते. दर वेळी भाकरी बांधून घ्यायची, एसटीनं जायचं आणि पुढची तारीख घेऊन यायचं. शेवटी एकदाची माझी साक्ष आली. झटापटीत चुकून कुऱ्हाड लागली, असं वकिलानं मांडलं होतं. मी मात्र भावाला सोडवायच्या घाईत भडाभडा बोलून गेले.

"साहेब, आता काय बी उरलं न्हाई. कुऱ्हाड मीच घातली, असं त्यानं पाच मानसांपुढं कबूल केलंय. माफी मागितली. दोघं एका ताटात जेवले. आता सोडा की त्याला!"

वकिलानं कपाळाला हात लावला. जज्जसाहेब शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचं आपसात मिटलं असेल. हा खटला सरकारचा आहे."

शिक्षेच्या दिवशी मालक स्वतःहून उभे राहिले. "हात माझा गेला, साहेब. माझी काय तक्रार न्हाई," म्हणाले. जज्जसाहेबांनी ऐकून घेतलं. म्हणूनच दहाऐवजी सात वर्षं देतो, म्हणाले. सात वर्षं सक्तमजुरी. भावानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्याला मीच आत घातलं, आणि ते मला घरी येताना एसटीत बसल्यावर नीट कळलं.

सुटून आला तेव्हा त्याचे केस पिकले होते. मालकांनीच त्याला जेवायला बोलावलं. मला काय आनंद झाला, देवा! मी मोठं ताट काढलं, दोघांच्या मधे ठेवलं आणि भाकरी वाढली.

भावानं ताट दोन्ही हातांनी मालकांकडं सरकवलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

"आक्का," तो हळूच म्हणाला, "माझं येगळं वाढ."