कुंदनची सायकल

कुंदन गावंडे मला पहिल्यांदा भेटला तो आरोळीच्या रूपाने. आमच्या अमरावतीच्या कॉलेजात, गच्चीवरच्या खोलीत, मी एका पेटीवर कोपर टेकलं मात्र, "ओ मास्तर, हात काढा! मोजणी चालून राहिली!" असा आवाज आला की बडनेऱ्याला खोळंबलेली मालगाडी सिग्नलशिवाय सुटली. मी मराठी शिकवतो. पुढे तीन दिवस माझ्या तोंडून जोडाक्षर निघालं नाही.

ती पेटी अवकाशातून येणारे वैश्विक किरण, म्हणजे बारीक कण, मोजायची. कुंदन तिथला परिचर. सकाळी नऊला आकडा आणि हवेचा दाब वहीत लिहायचा. रविवार नाही, दिवाळी नाही. एक दिवस चुकला की आधीची सगळी वर्षं वाया, अशी धास्ती पदार्थविज्ञानाच्या खारोडे सरांनी त्याला घातलेली.

कुंदनची बायको शालू अकोल्याला शिक्षिका. तिथल्या आमच्याच संस्थेच्या कॉलेजात परिचराची जागा रिकामी होती. २००२ साली सर म्हणाले, "कुंदन, एक सायकल पुरी होऊ दे, मग तुला अकोल्याला सोडतो."

कुंदनला वाटलं, कॉलेज सायकल देणार. सुटे भाग यायचे असतील. त्याने कुलूप आणि घंटी घेऊन ठेवली. रविवारी आकडा लिहून तो एसटीने अकोल्याला पोचला की शालू दारातच विचारी, "आली का जी सायकल?"

दोन वर्षांनी उलगडा झाला. सायकल सूर्याची होती, म्हणजे त्याच्या खवळण्या-निवण्याचं चक्र, अकरा वर्षांचं. सूर्य खवळला की त्याचं दूरवर पसरलेलं चुंबकीय क्षेत्र बाहेरच्या किरणांना आत येऊ देत नाही.

"कण सरळ येतच नाही, मास्तर," कुंदन मला समजावी. "अकोल्याहून अमरावतीले निघते, अन् दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा भटकते. कितीक तं वापसच जातात."

"आणि तू?"

"मी आतमंदी अडकलो ना. आतल्याले कोन मोजते?"

२०१३ला त्याने पिशवी भरली. सर आनंदाने म्हणाले, "अरे, सूर्याचे चुंबकीय ध्रुव उलटले! आता कण दुसऱ्या वाटेनं येतील. ध्रुव परत जागेवर आले की खरी सायकल पुरी. अजून अकराच वर्षं!"

"अन् शालूचे ध्रुव उलटले तं, सर?"

सरांनी तेवढ्यात हवेचा दाब विचारला. कुंदनने पिशवी खाली ठेवून सांगितला.

२०२४ला ध्रुव जागेवर आले. निवृत्त सरांनी घरून बदलीची शिफारस पाठवली. आठ दिवसांत संस्थेचं उत्तर आलं. अकोल्याची ती जागा २०१७ सालीच रद्द झाली होती.