गेटावर गेलेल्या माणसाचा फोन

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी कॉलेजजवळ फुलचूरला खोली करून राहत होतो. प्रोजेक्ट होता शेतातली ओल मोजणाऱ्या बिनतारी सेन्सरांचा. अशा सेन्सरांचे गट पाडतात. गटातले सगळे आपला निरोप एका प्रमुखाला देतात आणि तो सगळ्यांचे मिळून पुढे पाठवतो. त्यात त्याची बॅटरी लवकर संपते, म्हणून प्रमुखपद पाळीपाळीने फिरवायचं. एवढीशी गोष्ट, पण तिच्यावर लोकांनी ढीगभर पेपर लिहिलेत.

आमच्या गावाला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. इटियाडोह धरणाचं पाणी नहराला, म्हणजे कालव्याला, सुटलं का, हे बघायला रोज एका घरचा माणूस नहराच्या गेटावर जाई आणि येऊन सगळ्यांना सांगे. मग बाबांनी मोबाईल घेतला आणि पाळ्या बंद पडल्या. गेटावरूनच कळवणारा फोनवाला असताना दुसऱ्याने कशाला सायकल हाणायची? बाबांनाही कोणी मोठेपणा दिला की नाही म्हणवत नसे. त्या मोबाईलचा मला अजून राग येतो. उन्हाळी धानाच्या दिवसांत ते गेटावरच छाती धरून बसले ते उठलेच नाहीत.

आईने फोन बंद करू दिला नाही. नहराखालच्या गावांतून लोक सवयीने त्यावर फोन करून विचारत, "पानी सुटला का जी?"

आई शांतपणे सांगे, "गेटावर गेले हायेत. आले का सांगतील."

मामा एकदा चिडला. "बाई, कायले खोटं बोलून राहिली?"

"खोटं काऊन?" एवढंच म्हणून ती धान पाखडत बसली.

आई हातची जाते की काय, ही भीती मला खोलीवरही सोडत नसे. एका दुपारी लॅबमध्ये चाचणीसाठी मी गटाचा प्रमुख बंद केला. बाकीचे सेन्सर पुढच्या प्रमुखाची निवड होईपर्यंत त्यालाच निरोप पाठवत राहिले. तो नाही, हे त्यांना कळायची सोयच नव्हती. मला स्क्रीनकडे बघवेना. आज तिला स्पष्ट सांगायचंच, असं ठरवून बाहेर आलो आणि बाबांचा नंबर लावला.

"मी बोलतोय, आई."

"बोल बापू. तुझे बाबा गेटावर गेले, आता येऊनच राहिले. काही सांगाचं हाये का त्याइले?"

चितेला अग्नी मीच दिला होता. तोंडात शब्द तयार होते.

"सांग त्यांना," मी म्हणालो, "परीक्षा झाली का मी येतो."