लसूणवाल्या फिलिन्नाचा भरलेला गाल

फिलिन्ना मूळची मेगाराची. नवऱ्याला समुद्राने नेलं, तशी ती लसणाच्या माळा घेऊन अथेन्सच्या बाजारात येऊन बसली. लसणाला मिळणारी चांदीची नाणी माशाच्या खवल्याएवढी. बोटांच्या फटीतून निसटायची. म्हणून बाजारातल्या सगळ्यांसारखी तीही ती गालात ठेवायची. एकदा हसता हसता एक नाणं पोटात गेलं, तेव्हापासून तिने धसकाच घेतला. गाल भरला की ती तोंड उघडायची नाही. मान हलवायची, बोटांनी भाव सांगायची.

समोर कित्तोस मातीचे दिवे करून विकायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, पण गडी बोलका. रोज काम उरकून संध्याकाळी लसूण घ्यायला यायचा आणि भट्टीच्या, आईच्या, नाही नाही त्या गप्पा सांगत बसायचा. फिलिन्ना ऐकायची. भावतावाखेरीज तिच्याशी बोलणारा तो एकटाच.

एका संध्याकाळी त्याने शेजारच्या बित्तोला गाठलं. ती म्हातारी तिळाची भाकरी विकायची.

"काकू, ही जन्मापासून मुकी आहे का हो?" त्याला वाटलं, आपण हळू बोलतोय.

"का रे बाबा?"

"मुकी असली तरी चालेल. लग्नाचं विचारावं म्हणतो. बोलायला मी आहेच की दोघांपुरता!"

फिलिन्नाने सगळं ऐकलं. ओंजळ तोंडाशी धरून तिने गालातली नाणी तीत ओतली.

"मुकी असेल तुझी भट्टी! आणि रोज एवढा लसूण नेतोस, खातं कोण?"

कित्तोस कानापर्यंत लाल झाला. "कुणी नाही. घरभर टांगलाय. मांजरसुद्धा पळून गेलं."

बित्तो हसून हसून खोकायला लागली. "अगं बाई, हो की नाही ते सांग! माझी गिऱ्हाइकं खोळंबलीत."

"हो," फिलिन्ना म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

लग्न झालं, पुढे एक मुलगीही झाली. फिलिन्ना दर वसंतात बाजारातल्या हर्मीस देवापुढे मधाची वडी ठेवायची. म्हणायची, "मी गप्प असतानाही ज्याला हवीशी वाटले, असा माणूस दिलास रे."

बित्तोचे पाय थकले तेव्हा फिलिन्नाने तिला घरीच आणलं.

"कशाला गं ही ब्याद?" म्हातारी म्हणाली.

"तुम्ही हसून 'हो की नाही ते सांग' म्हणाला नसतात, तर मी लाजून पुन्हा गाल भरून बसले असते," फिलिन्नाने मसुराच्या कढणाचा वाडगा तिच्या हाती दिला. "प्या आता. थंड होतंय."