दशम्यांचे डबे आणि लटकता बर्फ

"मावशी, तुम्ही वर गेल्यावर दुपारचं वरण कोण करणार?" मॅनेजर प्रकाशनं विचारलं.

"कोणीच नाय," मी म्हणाले.

हिमालयातल्या एका नॅशनल पार्कमध्ये आमचा कॅम्प होता. मी संभाजीनगरच्या टूर कंपनीत स्वयंपाकाला. आमचा पॅसेंजर हिमालय बघायला येतो, पण जेवायला त्याला घरच्यासारखंच लागतं. म्हणून कंपनी किचन सोबत नेते. सकाळी लोक वर हिमनदी बघायला जातात, दुपारी खाली येईपर्यंत ताट तयार पाहिजे. त्यामुळं दरवर्षी मी खालीच. हिमनदी पाहिली ती लोकांच्या फोनवर. आता गुडघे गेले. ही शेवटची टूर, हे प्रकाशला माहीत होतं.

उंचावर पाणी लवकर उकळतं, पण डाळ लवकर शिजत नाही. वरण म्हटलं की सकाळ गॅसपाशीच जाते. म्हणून मी पावडरच्या दुधात कणीक भिजवून दशम्या केल्या. त्या दिवसभर मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी. प्रत्येकाचा डबा भरून प्रकाशपुढं ठेवला.

"लोक तक्रार करतील, मावशी."

"माझ्या नावानं करू दे. पुढच्या वर्षी मी नायच."

त्यानं त्याची काठी मला दिली.

मी सगळ्यात शेवटी पोचले. डोंगरावरून हळूहळू सरकणारा बर्फ म्हणजे हिमनदी. ही कड्याच्या काठाशी येऊन अडलेली, म्हणून लटकती. वाटलं होतं त्याहून लई लहान. मळकी. भिंतीवर वाळत टाकलेल्या गोधडीसारखी. गाईड म्हणाला, पूर्वी खालच्या काळ्या खडकापर्यंत होती. तिचाच ओढा कॅम्पजवळून वाहतो. म्हणजे इतकी वर्षं मी हिच्याच पाण्यात डाळ शिजवली.

लोकांनी फोन माझ्या हातात दिला, ग्रुप फोटो काढायला. सगळे हिमनदीकडं पाठ करून माझ्याकडं बघत हसत होते. तेवढ्यात वरचा एक तुकडा सुटला. आधी पडताना दिसला, आवाज मागून आला. सगळे दचकून वळले, तोवर नुसता धुरळा.

"मावशी, फोटोत आलं ना?"

"नाय. मी बघत होते."

तक्रारी आल्या. फोटोची एक, बाकी वरणाच्या.

संभाजीनगरला, बजाजनगरच्या खोलीवर परतले. सांगायला कोणी नव्हतं. एकटीपुरता कुकर लावला. इथं डाळ पटकन शिजते.

कामाच्या जागी काही बघायचं असेल, तर गुडघे चालतात तोवर बघून घ्यावं. एक दिवस वरण नसलं तर लोक फक्त तक्रार करतात.