गिरणीच्या धुराड्यावरचा लाल ठिपका

आमच्या काकांची बारा बोअरची बंदूक टेंभुर्णीपासून करमाळ्यापर्यंतच्या रानडुकरांना नावानिशी ठाऊक होती. पण दुष्काळ सरला, भुईमूग पुन्हा डवरला आणि नेमक्या त्याच साली काकांना नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी दिसेनाशी झाली. लागोपाठ दोन बार हुकले. दुसऱ्या बाराला तर एक डुक्कर थांबून मागं वळून बघत होतं, असं काका स्वतःच सांगत.

काकू म्हणाली, "या सुगीला भुईमूग ऱ्हायला तर बंदूक ऱ्हाईल. न्हायतर ठाण्यात जमा करा."

म्हणून बंदूक घेऊन आम्ही तिघं सोलापुरात आलो. मी तिथल्याच गिरणीत कामाला, त्यामुळं शहरातला माहीतगार मीच. बंदुका दुरुस्त करणाऱ्या चाचांनी गल्ल्यावर दोन वस्तू मांडल्या. एक पितळेची जाड माशी, टोकाला लाल रंग दिलेली. दुसरी बोटभर लांबीची काळी नळी, त्यांच्या जहाजावरच्या जावयानं परदेशातून आणलेली.

"इसमें लाल ठिपका है," चाचा म्हणाले. "मेरे कू बाकी कुछ नै दिखता, मगर जावई बोलता, लई भारी चीज है."

काकांनी डावा डोळा मिटला, उजव्याला नळी लावली.

"आत नुसती अवस हाय. मधी एक निखारा. डुक्कर कुटं हाय?"

मी बघितलं. खरंच, नळी पलीकडून बंद होती. काकांनी पितळेची माशी उचलली. सौदा झाल्यातच जमा होता.

आता काकूचं एक सांगायला हवं. तिला एक डोळा मिटता येत नसे. मिटले तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. यावरून काकांनी तिला जन्मभर हिणवलं होतं, "तू काय नेम धरणार गं." ती नळी तिनं सहज डोळ्याला लावली, दोन्ही डोळे टक्क उघडे, आणि दाराबाहेर बघत म्हणाली, "अवो, गिरणीच्या धुराड्याला कुंकू कुणी लावलं?"

आम्ही हसलो. मग मी तिच्यासारखं बघितलं. एका डोळ्याला ठिपका, दुसऱ्याला जग, आणि दोन्ही मिळून आभाळाएवढ्या त्या धुराड्यावर एक लाल थेंब, जागचा न हलणारा. मान फिरवली तर तो कबुतरावर जाऊन बसला. कबुतराला पत्ताही नाही. रोज ज्याच्याखालून कामाला जायचो ते धुराडं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. चाचांनी बघितलं आणि टोपी काढून पुन्हा घातली.

राहिले काका. चाचांनी नळी बंदुकीवर धरून दिली. पण चाळीस वर्षांची सवय. बंदुकीचा दस्ता गालाला टेकला की त्यांचा डावा डोळा दुकानाच्या फळीसारखा खाली यायचा. शेवटी काकूनं मागून दोन बोटांनी पापणी वर धरली.

"आरं तिच्या," काका हळूच म्हणाले. पुढं बराच वेळ ते त्या ठिपक्याला रस्ताभर फिरवत राहिले. टांग्याच्या चाकावर, घोड्याच्या कानावर, केळीवाल्याच्या तराजूवर.

"भाभी, रानात बी असंच धरणार?" चाचांनी विचारलं.

"बगू की," काकू म्हणाली. नळी बंदुकीवर बसवून घेतली.

चार दिवसांनी, ऊन कलल्यावर, आम्ही मचाणावर होतो. कळप भुईमुगात शिरला. पुढं रेडकाएवढा दांडगा नर. काकूनं पापणी धरली, काकांनी नेम धरला आणि तसेच बसले.

"मारा की."

"थांब गं. कपाळावर कसा शोभतोय बग."

डुक्कर वाफ्यामागून वाफा उकरत होतं, आणि काका बघत होते. काकूनं पापणी सोडली.

त्यानंतर बार झाला. नर जागीच बसला, कळप जेऊर स्टेशनच्या दिशेनं जो सुटला तो रेल्वेच्या आधी पोचला असणार. भुईमूग राहिला, बंदूकही राहिली. परवाना काकांच्या नावावर होता, तेव्हा घोडा कुणी ओढला हे मी लिहिणार नाही. काकांचे दोन्ही हात त्या वेळी कानांवर होते, एवढंच मला आठवतं.