राव सरांचे दोन फोन

राव सरांच्या प्रत्येक शर्टाला दोन खिसे असत, शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतलेले. एकात ऑफिसचा फोन, दुसऱ्यात घरचा. तमिळ मुलखातल्या पेरुंगुडीच्या आमच्या ऑफिसात पोरं हसायची. सरांना त्याचं काही नसे.

मी सोलापूरहून तिथे नोकरीला लागले तेव्हा ते माझे वरिष्ठ होते. तंजावरकडचे मराठी, बोलणं जुनं आणि तमिळ हेलाचं. मला नवा फोन घ्यायचा होता, तर म्हणाले, "कामास की घरास? कामास असेल तर बॅटरी दांडगी बघ. घरास असेल तर माइक बघ गे. आपल्या माणसाचा आवाज फाटूं नये." दुकानात त्यांनी मला एकेका फोनवर बोलायला लावलं आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

घरी पोचल्यावर ऑफिसचा फोन चपलांच्या कपाटात जाई. "त्याची जागा उंबऱ्याबाहेर."

त्यांच्या पत्नी, कमलामामी, मला जेवल्याशिवाय सोडत नसत. मुलगा अमेरिकेत, तमिळ आणि इंग्रजी बोलणारा. त्या घरातलं मराठी उरलं होतं ते या दोघांपुरतं. मामींना टाइप करणं जमत नसे, म्हणून त्या सरांना सगळं बोलूनच पाठवायच्या: भाजी, औषधं, शेजारणीची तक्रार.

मामी मूत्रपिंडाच्या आजाराने गेल्या. त्यानंतर सर जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून घरचा फोन कानाला लावून मामींचे जुने निरोप ऐकू लागले. एकदा मी ताटकळत उभी राहिले. "तूं बोल," ते म्हणाले, "ही थांबेल." त्या आवाजांची दुसरी प्रत त्यांनी कुठेच ठेवली नव्हती. "घरचं बोलणं परक्याच्या माळ्यावर कशाला?"

मग कंपनीने ऑफिसचे फोन परत घेतले. ज्याने त्याने आपल्याच फोनवर काम करायचं, त्यात कंपनीचं अ‍ॅप टाकायचं. सर म्हणाले, "मी पदरचा दुसरा फोन आणतो." मॅनेजर त्यांच्या मुलाच्या वयाचा. "सर, त्याला मंजुरी लागते. तोवर ह्यातच टाका. जग एका फोनवर चालतं, तुमचंच काय अडतं?" त्याने समोर उभं राहून सरांना संमतीचं बटण दाबायला लावलं. मंजुरी आलीच नाही.

पुढे माणसं कमी करायची ठरली, तेव्हा सरांना एका खोलीत बोलावून कारण न देता निरोप दिला. मी त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेले. सरांच्या हातातला फोन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. कंपनीने त्या अ‍ॅपमधून वरूनच तो पुसला होता, ऑफिसचं आणि घरचं एकत्र.

सर पडद्याकडे बघत राहिले. "अय्यो, हा मला भाषा कोणती म्हणून विचारतोय गे."

आम्ही परत वर गेलो. कर्मचारी विभागातल्या बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. "नियमच आहे, सर. तुम्ही संमती दिलीत." सरांनी हात जोडले. त्या नोकरीत मी त्यांना कुणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं. काही परत आलं नाही. मुलगा फोनवर म्हणाला, "अप्पा, फोटो आहेत ना माझ्याकडे."

ते मुलाकडे जायला निघाले त्याच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले. सामान बांधलेलं होतं. म्हणाले, "तूं दारांत आलीस की ती काय म्हणे? म्हण बघूं."

मला जसं आठवत होतं तसं मी म्हटलं, "ये गे बाई, ऊन लागलें असेल."

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मी पुन्हा म्हटलं, जरा तमिळ हेल काढून.

"सेरी, बरें, राहूं दे," ते म्हणाले. "शब्द तिचेच आहेत. पण तूं सोलापूरची."