तिघींत एक माईक

नांदेडच्या आमच्या ऑर्केस्ट्रात माईक तीन होते. एक बिनवायरचा, मुख्य गायकाचा. एक निवेदकाचा. उरलेला आम्हा तिघींना मिळून. पोस्टरवर गायकाचा हात उंचावलेला फोटो, त्याखाली 'मराठवाड्याचा बुलंद आवाज', त्याखाली वादकांची नावं, आणि अगदी तळाला, छापखान्याच्या पत्त्याच्या जरा वर, 'कोरस'. आम्ही तीन बायका मिळून एक शब्द होतो.

थोरलीला आम्ही अक्का म्हणायचो. ती उदगीरकडची, लग्न होऊन नांदेडात आलेली. दिवसा ब्लाउज शिवायची. मधली माहूरची. गडाच्या पायथ्याशी त्यांचं ओटीच्या सामानाचं दुकान, त्यामुळं आरत्या ऐकतच तिचा गळा तयार झालेला. मी कॉलेजात होते आणि घरी 'गाण्याच्या क्लासला जाते' असं सांगून यायचे. ते अगदीच खोटं नव्हतं.

एका माईकवर तिघींनी गायचं, तर उभं कुठं राहायचं याला महत्त्व असतं. आवाज बारीक असेल ती माईकजवळ, मोठा असेल ती लांब. म्हणजे ऐकणाऱ्याला तिन्ही सारखे ऐकू येतात. मी माईकला ओठ लावून, मधली हातभर मागं आणि अक्का पार मागच्या पडद्याला टेकून. आमच्यातला सगळ्यात चांगला आवाज सगळ्यात लांब उभा असायचा आणि यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

आता ते काम कीबोर्डचं एक बटण करतं. परवा लातूरला एका रिसेप्शनमध्ये ऐकलं. एक गायक, एक लॅपटॉप, आणि मागून चाळीस बायकांचा 'आऽऽ'. सूर बिनचूक होता. एकीलाही खोकला आला नाही, एकीचीही बस चुकली नाही. मी आइस्क्रीम अर्धं टाकून उठले.

अक्काची इच्छा एवढीच होती की एक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटीनं म्हणायचं. ऑर्केस्ट्राचे मालक दरवर्षी म्हणायचे, "बघू की पुढच्या सीझनला." पण त्या वर्षी तिच्या नवऱ्याची पुण्याला बदली झाली. रेणापूरचा कार्यक्रम तिचा शेवटचा ठरला. तिनं पुन्हा विचारलं. मालक म्हणाले, "रेणापूरला बघू."

रेणापूरला एका पुढाऱ्याची एकसष्टी होती. सकाळी दहाचा कार्यक्रम एकला सुरू झाला. शालींचा ढीग सत्कारमूर्तीच्या खांद्याला लागला होता. एका वक्त्यानं त्यांची तुलना हिमालयाशी केली, दुसऱ्यानं सागराशी. तिसऱ्याला काही उरलं नाही म्हणून त्यानं दोन्हींशी केली. मग गाणी. आमचा गायक आदल्या दिवशी हिमायतनगरला गाऊन आलेला, त्यात जेवताना थंडगार ताक चार ग्लास प्यालेला. तिसऱ्या गाण्याला बुलंद आवाजातून नुसती हवा यायला लागली.

तेवढ्यात एकसष्टीच्या साहेबांनी रेणुकामातेच्या गाण्याची फर्माईश केली. मालक घाम पुसत आमच्याकडं वळले. "अक्का, तुम्ही म्हणता का..."

"हाव," अक्का म्हणाली. त्यांचं वाक्यही तिनं पुरं होऊ दिलं नाही.

गायक आपला माईक पोटाशी धरून साहेबांशेजारच्या सोफ्यावर जाऊन बसला. तो माईक तो कुणाला देत नसे. ढोलकी सुरू झाली, अक्कानं डोळे मिटले आणि गाणं उचललं. पण उभी होती आपल्या नेहमीच्या जागी, पडद्याला टेकून. इतक्या वर्षांत पायांना दुसरी जागाच माहीत नव्हती.

"आवाज येईना!" मांडवातून ओरड झाली.

"ओ बाई, जेवला न्हाई का?"

साउंडवाल्यानं आवाज वाढवला तर माईकनं शिट्टी मारली. मधली दबक्या आवाजात म्हणाली, "अक्का, पुढं या की!" अक्काला ते ऐकूच गेलं नाही. साहेबांनी घड्याळात पाहिलं. मालकांचा हात निवेदकाला खूण करायला वर जाऊ लागला.

मी आणि मधलीनं एकमेकींकडं पाहिलं, माईकचा स्टँड दोन्हीकडून उचलला आणि नेऊन तिच्यापुढं ठेवला. मग आम्ही तिच्या मागं जाऊन उभ्या राहिलो.

मांडव शांत झाला. स्वयंपाकाच्या बाया पिठाचे हात तसेच घेऊन कनातीपाशी आल्या. आम्ही आमच्या ओळी माईकशिवाय, गळ्याच्या शिरा ताणून म्हणत होतो. त्या पहिल्या रांगेपर्यंतही पोचल्या नसाव्यात. गाणं संपल्यावर टाळ्या थांबेनात. निवेदक पुढं आला, चाचपडला आणि म्हणाला, "जोरदार टाळ्या... आपल्या कोरससाठी!" अक्काचं नाव त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

परतीला गाडीत अक्का बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. आम्हाला वाटलं, रडतेय. मग ती वळली.

"दुसऱ्या कडव्याला तू चढलीस गं," ती मला म्हणाली. "आन् हिनं तर एक ओळच खाल्ली."

"अक्का, आमच्यापुढं माईकच नव्हता," मधली म्हणाली. "कुणाला ऐकू गेलंय?"

"मला आलं की."

आणि अहमदपूर येईपर्यंत तिनं ते कडवं आमच्याकडून तीनदा म्हणून घेतलं. चार दिवसांनी तिचं सामान पुण्याला जायचं होतं.